हॉकी हरली की मामा टर्फला शिव्या घालतात

२०२५ च्या जूनमधली गोष्ट. भारताची पुरुषांची हॉकी टीम युरोपात प्रो लीग (बड्या देशांची आंतरराष्ट्रीय लीग) खेळत होती आणि ओळीने सात मॅच हरली. बहुतेक एकेका गोलाने. सातवी, बेल्जियमबरोबरची, मात्र ३-६ अशी सरळच. संध्याकाळी सोलापूरच्या पार्क चौकात मामा चहाला भेटले, तेव्हा तोंड बघूनच कळलं की निकाल त्यांच्यापर्यंत पोचलाय.

"परत आपटले की बे," मामा म्हणाले. "शेवटी शेवटी गोल खातेत. दर वेळी. पन्नास वर्षं हेच बघतोय मी."

मामा रेल्वेतून रिटायर झालेत. तरुणपणी रेल्वेच्या मैदानावर ‘राइट इन’ला, म्हणजे उजवीकडच्या आतल्या फॉरवर्डच्या जागी, खेळायचे. त्यांची तुतीच्या लाकडाची स्टिक अजून घरात आहे. मामी उन्हाळ्यात पापड राखायला बसल्या की कावळे हाकलायला तीच घेतात, यावरून दर वर्षी एक भांडण होतं.

बाकड्यावरचा रिक्षावाला म्हणाला, "मामा, क्रिकेट बघा की. कशाला जिवाला त्रास करून घेताय." मामांनी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा उरलेला चहा एका घोटात संपवून उठला.

मग नेहमीचं वाक्य आलं. "गोऱ्यांनी आपल्याला गवतावरनं उठवलं आणि प्लॅस्टिकवर नेऊन उभं केलं. तिथंच खेळ खल्लास." हे मी लहानपणापासून ऐकतोय. मामांसारखी माणसं देशभर आहेत आणि सगळ्यांचं हेच म्हणणं आहे. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं कळलं की हा राग नेमका कुणावर काढायचा, हे जरा वेगळं दिसायला लागतं.

आधी, आपण किती उंचावरून पडलो ते. १९२८ च्या ॲमस्टरडॅमपासून १९५६ च्या मेलबर्नपर्यंत हॉकीत सलग सहा ऑलिंपिक सुवर्णं. १९२८ ला तर पूर्ण स्पर्धेत आपल्यावर एकही गोल झाला नाही. १९३६ ला बर्लिनमध्ये फायनलला जर्मनीला त्यांच्याच घरात ८-१ हरवलं. १९६० ला रोममध्ये पाकिस्तानने १-० ने साखळी तोडली, १९६४ ला टोकियोत आपण ते परत मिळवलं. १९६८ आणि १९७२ ला कांस्य, आणि तेव्हा कांस्य म्हणजे लोकांना अपमान वाटायचा. मग १९७५ चा क्वालालंपूरचा वर्ल्ड कप. फायनलला पाकिस्तानवर २-१. मामांनी ती मॅच रेडिओवर ऐकली, जसदेव सिंगांची कॉमेंट्री. अशोक कुमारचा विजयी गोल, म्हणजे ध्यानचंदांच्या मुलाचा, चेंडू आत लागून परत बाहेर आला म्हणून पाकिस्तानने वाद घातला होता. मामा तो गोल अजूनही कपबशी मांडून दाखवतात. साखरेचा डबा म्हणजे गोलपोस्ट.

आणि पुढच्याच वर्षी, १९७६ ला माँट्रियल ऑलिंपिकमध्ये आपण सातवे. ऑलिंपिकची हॉकी कृत्रिम मैदानावर, म्हणजे टर्फवर, खेळली गेली ती पहिल्यांदा तिथेच. तारखा एवढ्या शेजारी शेजारी असल्यावर मामांना दोष कसा देणार?

आता हे मैदान बदलतं म्हणजे काय होतं ते नीट बघू, कारण सगळी मेख इथे आहे.

गवताच्या किंवा आपल्याकडच्या मुरमाच्या मैदानावर हॉकीचा चेंडू सरळ येत नाही. खडा लागला की उडतो, खळगा लागला की बसतो. असा चेंडू स्टिकवर थांबवणं हीच मुळात कला होती. ज्याचं मनगट मऊ, ज्याची नजर बारीक, तो चेंडू माणसाळवायचा आणि मग समोरच्या दोघा-तिघांना चकवत घेऊन जायचा. युरोपातल्या धिप्पाड खेळाडूंना ते जमत नसे. आपला सगळा माल याच एका कसबावर खपत होता.

टर्फवर चेंडू रेघ मारल्यासारखा येतो. तो थांबवायला जादू लागत नाही, महिनाभर सराव केला की कुणालाही जमतं. म्हणजे आपल्याकडे जी दुर्मीळ गोष्ट होती ती स्वस्त झाली. आणि चेंडू थांबवायचा प्रश्न मिटल्यावर किंमत कशाला आली? जोरात मारलेल्या लांब पासला, एका टचमध्ये पुढे सरकवण्याला, आणि पळण्याला. चेंडू माणसापेक्षा वेगाने पळतो, मग तो घेऊन पळायचं कशाला, पुढच्याकडे मारा आणि मोकळ्या जागेत जा, असं नवं गणित.

सोलापूरकराला हे लगेच कळायला हरकत नाही. हातमागावर ज्याची हयात गेली, ज्याच्या बोटांना सुताचा ताण न बघता कळतो, अशा विणकराला उचलून यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं करा. धोटा आता त्याच्या हातात नाही. इथे पगार मिळतो तो एका वेळी चार माग सांभाळण्याचा, त्यांच्या मधून दिवसभर फिरण्याचा. तो माणूस वाईट विणकर झाला का? नाही. त्याच्या हाताला विचारणारं कुणी उरलं नाही.

टर्फची दुसरी गोष्ट पाण्याची. मोठ्या स्पर्धांचं टर्फ हे पाण्याचं टर्फ असतं. दाट, आखूड धागे, आणि मॅचच्या आधी त्यावर फवारे सोडून ते भिजवायचं. भिजवलं की चेंडू घसरत वेगाने जातो आणि पडणाऱ्या खेळाडूची कातडी सोलवटत नाही. कोरडं राहिलं की चेंडू अडखळतो आणि गुडघे भाजल्यासारखे होतात. एका मॅचला टँकर-दोन टँकर पाणी सहज जातं. उशाला उजनी धरण असून ज्या गावात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तिथे हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. (वाळू भरलेलं स्वस्त टर्फही असतं आणि कमी पाण्याच्या टर्फकडे जायचे प्रयत्न आता जगभर चाललेत. पण आपली पडझड ज्या काळात झाली, त्या काळात पाणी हीच अट होती.)

इथवर मामा खूश. आता त्यांना न आवडणारा भाग.

टर्फनेच आपण संपलो असू, तर पाकिस्तान का संपला नाही? तेही गवतावरचेच राजे, तीच मनगटं, तीच शैली. पण १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये टर्फवर त्यांनी ऑलिंपिक सुवर्ण घेतलं आणि १९९४ ला सिडनीत टर्फवरच वर्ल्ड कप जिंकला. मामांना हे विचारलं की ते बिडी पेटवतात.

पुढचा भाग आणखी विचार करायला लावणारा आहे. तोच पाकिस्तान २०१४ च्या वर्ल्ड कपला पात्र ठरला नाही. २०१६, टोकियो आणि पॅरिस, तिन्ही ऑलिंपिकला नाही. म्हणजे मार त्यांनाही बसला, पण उशिरा.

मला याचं उत्तर असं दिसतं, की मैदान बदललं त्याचा फटका त्या दिवशीच्या टीमला जितका बसतो त्यापेक्षा कितीतरी जास्त पुढच्या पिढीला बसतो. तयार खेळाडू हुशार असला तर नव्या मैदानाशी जुळवून घेतो. पण दहा वर्षांचा पोरगा ज्या मैदानावर शिकतो, तो खेळ त्याच्या अंगात मुरतो. नेदरलँड्समध्ये पोरं सहा-सात वर्षांची असल्यापासून क्लबच्या टर्फवर पळतात. तो देश केवढा? आपला सोलापूर जिल्हा २०११ च्या जनगणनेत त्रेचाळीस लाखांचा होता. असे चार जिल्हे एकत्र केले की साधारण नेदरलँड्स झाला. त्या चार जिल्ह्यांनी पॅरिसमध्ये पुरुषांचं आणि महिलांचं, दोन्ही सुवर्णं नेली.

आपल्याकडे पोरगं टर्फ बघतं ते स्पर्धेला गेल्यावर. हे मी घरात पाहिलंय. माझा पुतण्या शाळेच्या टीममधून विभागीय स्पर्धेला पुण्याला गेला होता, मी सोबत होतो. मुरमावर तो आमच्या गल्लीचा वाघ. तिथे पहिलाच पास आला आणि स्टिकखालून निघून गेला. दुसराही. मी जाळीला तोंड लावून बघत होतो, आणि तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं: चेंडू जवळ आला की तो स्टिक बोटभर वर उचलत होता. मुरमावर चेंडू शेवटच्या क्षणी टप्पा घेतो, म्हणून. सहा वर्षांची सवय. इथे टप्पा येतच नव्हता. हाफ टाइमला म्हणाला, "काका, ग्राउंड लई पळतंय." आठ गोल खाल्ले. येताना रेल्वेत तो गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता आणि एक शब्द बोलला नाही.

मैदानाबरोबर नियमही बदलत गेले. ते भराभर सांगतो. १९९० च्या दशकात ऑफसाइड, म्हणजे चेंडूच्या आधीच गोलजवळ जाऊन थांबायला मनाई करणारा नियम, गेला. त्याच सुमारास खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर करायची मुभा आली. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन भाग जाऊन २०१४ पासून पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर आले. या सगळ्याचा अर्थ एकच: फॉरवर्डने पाच-सात मिनिटं जीव तोडून पळायचं, बाहेर बसायचं, परत पळायचं. अकरा हिरे असून भागत नाही, सोळाच्या सोळा सारखे लागतात. मामांच्या काळी राइट इन मधेच कमरेवर हात ठेवून श्वास घ्यायचा. आज तसा उभा राहिलेला दिसला तर कोच त्याला बाहेर बोलावतो.

मामांची ‘शेवटी शेवटी गोल खातेत’ ही तक्रार इथे येऊन बसते. सगळ्यात खोल जखम २००० च्या सिडनी ऑलिंपिकची. पोलंडला हरवलं की सेमीफायनल. आपण १-० पुढे. शेवटची दोन मिनिटं उरलेली असताना पोलंडने बरोबरी केली आणि आपण बाहेर. २०१८ च्या एशियाडला सेमीफायनलमध्ये मलेशियाने शेवटी शेवटी २-२ केलं आणि शूटआउटमध्ये घालवलं. लोक याला नशीब म्हणतात, काळीज नाही म्हणतात. थोडं असेलही. पण दमलेला पाय अर्धा सेकंद उशिरा पोचतो आणि दमलेलं डोकं चेंडू बाहेर मारायच्या ऐवजी मधे मारतं, एवढं साधं कारणही त्यात असतं.

आता पेनल्टी कॉर्नर. हे कळल्याशिवाय आजची हॉकी कळत नाही.

बचाव करणाऱ्या टीमने आपल्या ‘डी’मध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, चूक केली की समोरच्याला पेनल्टी कॉर्नर मिळतो. गोलकीपर धरून पाच जण गोलरेषेमागे उभे, बाकीच्यांना मध्यरेषेपलीकडे हाकललेलं. हल्ला करणाऱ्यांपैकी एक जण बाजूने चेंडू ढकलतो, दुसरा ‘डी’च्या बाहेर थांबवतो, तिसरा मारतो. गंमत नियमात आहे. पहिला फटका ‘हिट’ असेल तर चेंडू गोलच्या तळाशी जी दीड फूट उंचीची फळी असते, तिच्या वर जाता कामा नये. पण चेंडू मारण्याऐवजी स्टिकला चिकटवून ओढत आणला आणि फेकला, तर ती हिट नाही, त्याला उंचीचं बंधन नाही. यातून ड्रॅग फ्लिक जन्माला आला. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगाने वरच्या कोपऱ्यात. कीपरला विचार करायलाही वेळ नसतो.

मुरमावर ड्रॅग फ्लिक करून बघा. ओढता ओढता चेंडूच उडी मारून स्टिकवरून उतरतो. म्हणजे जिथे टर्फ नाही तिथे ड्रॅग फ्लिकर तयार होत नाही, आणि ज्या देशात टर्फ थोडी, त्या देशात ड्रॅग फ्लिकरही थोडे. किती थोडे? २००३ च्या सप्टेंबरमध्ये जुगराज सिंग या आपल्या तरण्या ड्रॅग फ्लिकरला कार अपघात झाला आणि पुढच्या वर्षीच्या अथेन्स ऑलिंपिकला आपली कॉर्नरची तोफच थंड. त्याची जागा घेत असलेल्या संदीप सिंगला २००६ मध्ये वर्ल्ड कपच्या तयारीसाठी जाताना रेल्वेत चुकून सुटलेली गोळी लागली. दोघांचं नशीब वाईट, मान्य. पण एवढ्या मोठ्या देशाची शस्त्रं एका माणसाच्या मांडीवर आणि कमरेवर अवलंबून असावीत, हे काही नशीब नव्हे.

संघटनेबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण त्यावर चौकात रोज भाषणं होतात. पण दोन-तीन गोष्टी राहू नयेत. १९९८ ला बँकॉकच्या एशियाडमध्ये आपल्या खडकीच्या धनराज पिल्लेच्या कप्तानीखाली सुवर्ण आलं आणि बक्षीस म्हणून धनराजसकट बरेच सीनियर पुढच्या संघातून बाहेर. २००८ ला भारतीय हॉकी फेडरेशनच्या सचिवांवर टीव्हीच्या स्टिंग ऑपरेशनमधून निवडीसाठी पैसे घेतल्याचा आरोप झाला आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेने अख्खी फेडरेशन निलंबित केली. मग आली हॉकी इंडिया ही नवी संघटना. आणि कोच बघा: ब्रासा, नॉब्स, वॉल्श, व्हॅन आस, ओल्टमन्स, मरिन, हरेंद्र सिंग, रीड. दहा वर्षांत आठ. आमच्या शेडमध्ये दर सव्वा वर्षाला मागांची देखभाल करणारा जॉबर बदलला असता तर एक माग धड चालला नसता.

या सगळ्याचा हिशेब ऑलिंपिकच्या तक्त्यात वाचता येतो. १९८० ला मॉस्कोत सुवर्ण मिळालं, पण तेव्हा बहिष्कारामुळे बड्या टीम आल्याच नव्हत्या, पुरुषांत सहाच संघ होते. त्यानंतर १९८४ ला पाचवे, १९८८ ला सहावे, १९९२ ला सातवे, १९९६ ला आठवे. पाढा म्हटल्यासारखं. मग सातवे, परत सातवे. २००८ ला चिलीतल्या पात्रता फेरीत ब्रिटनकडून हरून ऑलिंपिकलाच नाही. २०१२ ला लंडनमध्ये बारापैकी बारावे, एकही मॅच न जिंकता. वर्ल्ड कपचं सांगायचं तर १९८६ ला लंडनमध्ये भारत बारावा आणि पाकिस्तान अकरावा. शेवटून पहिले दोघे आपण.

मामांच्या रागाची तारीख मात्र यातली कुठलीच नाही. १ डिसेंबर १९८२. दिल्ली एशियाडची फायनल, घरच्या मैदानावर पाकिस्तानकडून १-७. पुढच्याच जूनमध्ये कपिलच्या टीमने क्रिकेटचा वर्ल्ड कप आणला. सहा-सात महिन्यांत देशाचं मन एका खेळावरून उठून दुसऱ्यावर गेलं. मामा म्हणतात, "त्या दिवसानंतर ग्राउंडवर पोरं स्टिक घेऊन आलीच नाहीत." अतिशयोक्ती असेल. पण ते मैदानावर होते, मी नव्हतो. (आणि हॉकी हा आपला ‘राष्ट्रीय खेळ’ असं शाळेत घोकलेलं असेल तर ते विसरा. २०१२ मध्ये माहितीच्या अधिकारात विचारल्यावर क्रीडा मंत्रालयाने सांगितलं होतं की असा कुठलाही खेळ जाहीर केलेला नाही.)

मग आज आपण घसरतोय की सावरतोय? टोकियोत साखळी सामन्यात ऑस्ट्रेलियाने ७-१ हरवलं, तोच आकडा. पण त्याच टीमने पुढे जर्मनीला ५-४ हरवून एक्केचाळीस वर्षांनी पदक आणलं. शेवटची सहा सेकंदं उरली असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि आपला गोलकीपर श्रीजेशने तो अडवला. मामा तेव्हा टीव्हीसमोर नव्हते. दाराआड उभे राहून "काय झालं? काय झालं बे?" विचारत होते. पॅरिसला परत कांस्य, आणि ऑस्ट्रेलियावर ३-२, ऑलिंपिकमध्ये १९७२ नंतर पहिल्यांदाच. मग प्रो लीगमधल्या त्या सात हारी, नऊ संघांत आठवा नंबर. आणि २०२५ च्याच सप्टेंबरमध्ये बिहारमधल्या राजगीरला कोरियाला ४-१ हरवून आशिया कप आणि वर्ल्ड कपचं तिकीट. महिलांचं जास्त दुखणारं आहे. टोकियोत चौथ्या आलेल्या मुली पॅरिसला पात्रच ठरल्या नाहीत आणि २०२५ ला प्रो लीगमधून खाली गेल्या.

म्हणजे उतार थांबलाय, चढ अजून पक्का नाही. जिथे तो पक्का होतोय तिथे कारण दिसतं. ओडिशाने २०१८ पासून राष्ट्रीय संघांचा खर्च उचलला, शिवाय सुंदरगढसारख्या जिल्ह्यात ब्लॉकाब्लॉकात टर्फ टाकायला घेतलं. दिलीप तिर्की, अमित रोहिदास तिथलेच. लांब कशाला, पालखीच्या वाटेवर आपल्या जिल्ह्यात शिरायच्या आधी फलटण लागतं. त्या एका तालुक्यातून वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ या मुली भारताकडून खेळल्या. त्यांना लहान वयात क्रीडा प्रबोधिनीचं, म्हणजे सरकारी निवासी क्रीडाशाळेचं, टर्फ मिळालं. फलटणच्या पाण्यात काही वेगळं आहे असं नाही, तिथून आपल्या जिल्ह्यातलं माळशिरस किती लांब आहे?

हे सगळं मी मामांना एका संध्याकाळी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, ही स्वतःत बातमी आहे. मग म्हणाले, "म्हणजे मी जे म्हणत होतो तेच की." मी वाद घातला नाही.

पुतण्याने मात्र पुण्याहून आल्यापासून वेगळाच उद्योग काढलाय. आमच्या अंगणात शहाबादी फरशी आहे, लांबी असेल पंधरा-सोळा फूट. पाणी आलं त्या सकाळी तो एक बादली फरशीवर ओततो, चेंडू भिंतीवर मारतो आणि परत आलेला, सरळ घसरत आलेला चेंडू स्टिक जमिनीला टेकवून थांबवतो. बोटभरही वर न उचलता. परवा मामा आले तेव्हा हेच चाललं होतं. मामा ओट्यावर टेकले आणि त्याला म्हणाले, "मनगट सैल सोड बे, दगड धरलाय का?" मागून वहिनी ओरडत आल्या: "पाचव्या दिवशी पाणी आलंय, आणि हा ओततोय फरशीवर! टाकी कोण भरणार?" पुतण्याने मामांकडे बघितलं. मामांनी उठून नळाखालची दुसरी बादली उचलली आणि वहिनींना म्हणाले, "एवढी एकच. मग मी भरतो टाकी."